बॅकअप बदलायचं काम, रबाळे: प्रकल्प नोंदी, सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५

सोमवार, ८ सप्टेंबर

बाप्पा गेले परवा, आज पूर्ण स्टाफ हजर, आणि साहेबांनी सकाळी पहिलं मलाच केबिनमध्ये बोलावलं. विषय तोच, ऑगस्टचा. इथे एकदा नीट लिहून ठेवतो म्हणजे सहा महिन्यांनी कोणी विचारलं तर परत आठवत बसायला नको.

१९ ऑगस्टच्या त्या पावसात एमआयडीसीत लाइट तीनदा गेली-आली. फाईल सर्व्हरच्या रेड ५ मधली (अनेक डिस्कांवर डेटा वाटून ठेवायची पद्धत) एक डिस्क उडाली, नवी टाकून रिबिल्ड (तिच्यावर डेटा परत भरणं) लावला, आणि रिबिल्ड ६० टक्क्यांवर असताना दुसरी गेली. रेड ५ एकच डिस्क सोसतं, दोन गेल्या की विषय संपला. मग बॅकअप उघडला तर शेवटचा धड बॅकअप ९ जुलैचा. ४१ दिवस! यूएसबी डिस्क भरली होती, जॉब रोज रात्री फेल होत होता, फेल झाल्याचा मेलही रोज जात होता, फक्त ज्या आयडीवर जात होता तो माणूस मार्चमध्ये नोकरी सोडून गेला. सेटअप माझ्या आधीच्याने लावलेला, पण दोन वर्षं मीच त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या नावाने बिल फाडण्यात अर्थ नाही. ड्रॉइंग्ज परत जमवायला डिझाइनच्या पोरांचे लॅपटॉप, जुन्या मेलमधल्या अटॅचमेंट, आपल्याच कस्टमरकडून लाजत लाजत परत मागवलेल्या पीडीएफ, असे दोन आठवडे गेले.

साहेब म्हणाले, "स्वस्त-महाग नंतर बघू. परत असं झालं तर किती वेळात उभे राहतो ते आधी सांग." मुदत दिवाळीची सुट्टी लागायच्या आत.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज सॉफ्टवेअर बघितलंच नाही. नुसतं प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन दोन प्रश्न विचारले, किती वेळाचं काम गेलेलं चालेल आणि किती वेळ बंद पडलेलं चालेल. पुस्तकात याला आरपीओ आणि आरटीओ म्हणतात, पण अकाउंट्सला जाऊन आरपीओ विचारला असता तर मॅडमनी चहा पाजून परत पाठवलं असतं.

अकाउंट्सच्या मॅडम: "एक एंट्रीपण जाता कामा नये." बरं, आणि बंद किती वेळ चालेल? "अर्धा दिवस चालेल, आम्ही व्हाउचर हातात ठेवू." डिस्पॅचचे काका बरोबर उलटे. कालची माहिती थोडी गेली तरी ते कागदावरून परत भरतील, पण सिस्टीम दोन तासांच्या वर बंद नको, कारण ई-वे बिल निघत नाही आणि गेटवर गाड्या उभ्या राहतात आणि ट्रान्सपोर्टवाला मला शिव्या घालतो. डिझाइन म्हणे एक दिवस गेला तरी चालेल. ऑगस्टमध्ये दोन आठवडे गेलेत, त्यामुळे आता एक दिवस त्यांना चैन वाटतेय.

म्हणजे एकाच ऑफिसात तीन वेगळ्या गरजा, आणि मी आजवर तिघांना रात्री ११ ला एकच कॉपी मारत होतो.

मोजणी: टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आणि ईआरपी (कंपनीच्या कामकाजाची सिस्टीम) मिळून ६० जीबीच्या आत. ड्रॉइंग्ज आणि फाईल सर्व्हर १.४ टीबी. बाकी सर्व्हरच्या डिस्क धरून एकूण २.१ टीबी. ईआरपी एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर (मायक्रोसॉफ्टचा फुकट डेटाबेस) आहे, टॅलीचा सर्व्हर अजून विंडोज २०१२ आर२ वर, ज्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ ला संपला. हे लिहितानाच लाज वाटली.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

बॅकअपच्या पर्यायांची यादी केली. व्हीम, ॲक्रोनिस, सायनॉलॉजीचा नॅस (नेटवर्कला जोडायचा डिस्कांचा डबा) आणि त्याच्याबरोबर येणारं ॲक्टिव्ह बॅकअप, द्रुवा, प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर. द्रुवा २००८ साली पुण्यात सुरू झालेली, हे साहेबांना सांगितलं तर त्यांना उगीचच बरं वाटलं. व्हीमची फुकट आवृत्ती १० मशिनांपर्यंत चालते आणि आपली मशिनं मोजून ६, म्हणजे निदान शिकायला तरी खर्च नाही. सायनॉलॉजीत डबा विकत घेतला की सॉफ्टवेअरचं वेगळं लायसन लागत नाही, फक्त मॉडेल बीटीआरएफएस फाईल सिस्टीमवालं बघून घ्यायचं.

यापुढे नोंदींत नावं लिहीत नाही, कारण रेटची घासाघीस चालू आहे आणि ही फाईल सगळ्यांना उघडता येते. तीन प्रकार ट्रायलला घेतोय: क्लाउडवालं (महिन्याचं सबस्क्रिप्शन, सगळं थेट वर), डबा (नॅस) आणि आपलं सॉफ्टवेअर (जुन्या सर्व्हरवर आपणच लावायचं, साठवायला वेगळी लिनक्स मशीन).

सोमवार, १५ सप्टेंबर

एकाचा डेमो झाला. दीड तास. डॅशबोर्ड सुंदर, हिरवे गोल, एआय कुठेतरी होतंच. शेवटी मी म्हटलं आता एक फाईल रिस्टोर करून दाखवा. तर म्हणे ते सपोर्ट टीम करून देते, तिकीट टाकायचं. मी म्हटलं रविवारी रात्री? तर म्हणे सर, प्रीमियम प्लॅनमध्ये.

कोटेशन आलं नाही अजून. आलं तरी फरक नाही.

संध्याकाळी बसून माझी तुलनेची शीट उघडली. ३४ कॉलम केले होते: डीडुप (सारखा डेटा एकदाच साठवणं), एन्क्रिप्शन, मोबाइल ॲप वगैरे. सगळ्यांच्या खाली "हो, हो, हो". अशी तुलना म्हणजे स्थळांच्या बायोडेटासारखी, सगळे निर्व्यसनी. ३१ कॉलम उडवले. ठेवले ते: एक फाईल परत आणायला किती मिनिटं, पूर्ण सर्व्हर उभा करायला किती, आणि मी नसताना कोण करू शकतं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

लाइनचा हिशोब. आपली लाइन १०० एमबीपीएस. म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तेही कागदावर. २.१ टीबी वर चढवायला ४७ तास, प्रत्यक्षात सव्वादोन दिवस धरा आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणी काही करायचं नाही. आणि हे चढवतानाचं झालं, उतरवतानाही तेवढेच. सर्व्हर गेला आणि सगळा बॅकअप फक्त क्लाउडमध्ये असेल तर काकांच्या दोन तासांचे दोन दिवस होतात. वर उतरवायचे पैसे वेगळे, एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचं क्लाउड) मुंबई रीजनमधून बाहेर डेटा काढायला गिगाबाइटला साधारण ११ सेंट पडतात, म्हणजे आपला सगळा डेटा एकदा खाली आणायला दोनशे-सव्वादोनशे डॉलर. संकटात कोणी ते बघणार नाही, पण माहीत असावं.

ऑफिसातल्या ऑफिसात एक गिगाबिटची लाइन आहे, तिथे तेच काम पाच-साडेपाच तासांत होतं.

त्यामुळे क्लाउडवालं एकटं नाहीच चालणार. सोबत चालेल.

सोमवार, २२ सप्टेंबर

आज घटस्थापना आणि आजपासूनच जीएसटीचे नवे दर लागू. अकाउंट्समध्ये सकाळपासून टॅलीतले मास्टर बदलणं चालू, मॅडमनी दारातच सांगितलं, "आज माझ्या सर्व्हरला हात लावलास ना, तर बघ." लावला नाही. नुसता रात्री ८ ला टॅलीतूनच बॅकअप घेतला, ऑल्ट-वाय दाबून, साधा.

एक मात्र बघून ठेवलं. कुठलंही इमेज बॅकअपवालं टॅली चालू असताना सर्व्हरचा फोटो काढतं तेव्हा टॅलीला त्याचा पत्ताच नसतो. एसक्यूएलला विंडोज आधी "थांब जरा" सांगतं, टॅलीसाठी तशी सोय नाही. तो बॅकअप म्हणजे चालू मशीनची वायर ओढल्यावर जे उरेल ते. बहुतेक वेळा उघडतं, कधी रिपेअर मागतं. म्हणून टॅलीचा स्वतःचा बॅकअप जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी, शिवाय रात्रीची इमेज. दोन्ही.

सोमवार, २९ सप्टेंबर

गेल्या आठवड्यात घातलेला घोळ आज सापडला. लिहायला हवा, कारण चूक पूर्ण माझी आहे.

ईआरपीला दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप (मधल्या वेळात झालेल्या बदलांची नोंद) लावला होता, आपल्या सॉफ्टवेअरमधून. हेतू हा की दुपारी ३ ला काही बिघडलं तर पावणेतीनपर्यंतचं परत मिळावं. आज ट्रायल म्हणून शुक्रवार दुपारी १ ची स्थिती मागितली. पूर्ण बॅकअप चढला, लॉग चढत गेले, आणि मधेच ४३०५ नंबरचा एरर, अर्थ असा की हा लॉग फार पुढचा आहे, याच्या आधीचा कुठेय? तासभर मी सॉफ्टवेअरलाच शिव्या घातल्या. मग आठवलं. एसक्यूएल एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) नसतो, म्हणून कधीकाळी मीच टास्क शेड्यूलरमध्ये एक स्क्रिप्ट टाकून ठेवली होती, दर तासाला लॉग घेणारी, दोन दिवसांनी जुने पुसणारी. ती चालूच होती! लॉगचं असं असतं की ज्याने घेतला त्याच्याकडे तेवढा तुकडा गेला, दुसऱ्याला तो परत मिळत नाही. म्हणजे साखळीच्या तीन कड्या एकाच्या खिशात, चौथी दुसऱ्याच्या, आणि दुसऱ्याने ती पुसूनही टाकली.

सगळ्यात वाईट काय, तर दोन्हीकडे रोज हिरवं दिसत होतं.

२०१७ च्या जानेवारीत गिटलॅबचं (लोकांचे प्रोग्रॅम साठवणारी कंपनी) हेच झालं होतं, त्यांनी स्वतःच सगळं उघड लिहिलं होतं. चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेस डिलीट झाला, मग बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड निघाली नाही, एक तर आवृत्ती जुळत नाही म्हणून गुपचूप फेल होत होती आणि फेल झाल्याचे मेल त्यांच्याच मेल सिस्टीमने नाकारले होते. शेवटी कोणीतरी सहा तास आधी सहज काढलेल्या स्नॅपशॉटवर निभावलं. एवढ्या मोठ्या लोकांचंही मेलपाशीच अडलं हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

स्क्रिप्ट बंद केली. अलर्टचे मेल आता तिघांना जातात, आणि सगळं ठीक असलं तरी सकाळी ९ ला एक मेल येतो. तो आला नाही की समजायचं.

रात्री बातमी वाचली, दक्षिण कोरियात डेजॉनला शुक्रवारी सरकारी डेटा सेंटरला आग लागली, सिस्टीम अजून बंदच. अशी आग इथे लागली तर आपल्या तीन कॉपीपैकी तिन्ही एकाच खोलीत आहेत हे आजच्या तारखेला खरं आहे.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. सर्व्हर रॅकची पूजा झाली, हळद-कुंकू, झेंडूचं तोरण. काकांनी हौसेने एक हार नॅसच्या पंख्यासमोरच लावला होता, तेवढा बाजूला घेतला. बाकी काम नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आज वीकली ऑफ, प्लँट रिकामा, म्हणून पूर्ण सर्व्हर उभा करायची चाचणी. मी आणि ट्रेनी. मोबाइलवर स्टॉपवॉच.

टॅलीचा २०१२ आर२ वाला घेतला, ३८० जीबी. आपल्या सॉफ्टवेअरमधून हायपर-व्हीवर (विंडोजमध्येच व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) रिस्टोर, ७१ मिनिटं, आणि मग काळा स्क्रीन. बूटच नाही. पाऊण तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की मी नवीन मशीन जनरेशन २ ची बनवली, आणि जुना सर्व्हर आहे लेगसी बायॉसवाला (मशीन सुरू व्हायची जुनी पद्धत). जनरेशन २ ला यूईएफआय, म्हणजे नवी पद्धत, लागते. जनरेशन १ ची बनवली, तीच डिस्क लावली, दोन मिनिटांत लॉगिन स्क्रीन. ट्रेनी म्हणाला, "दादा, हे कुठे लिहिलेलं असतं?" कुठेच नाही रे, म्हणूनच सुट्टीच्या दिवशी करतोय.

मग नेटवर्क नाही. जुना आयपी टाकायला गेलो तर विंडोज म्हणे हा आयपी दुसऱ्या ॲडॅप्टरला दिलेला आहे. दुसरा कुठला? जुन्या सर्व्हरचं नेटवर्क कार्ड, जे आता अस्तित्वातच नाही पण लपून बसलंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेले दाखव करून काढलं. मग टॅलीने लायसन परत ॲक्टिव्हेट करायला लावलं, त्याचा ओटीपी मॅडमच्या मोबाइलवर, मॅडम देवदर्शनाला. धरून एकूण ३ तास १० मिनिटं, त्यात खरी रिस्टोर ७१ मिनिटं.

हीच चाचणी डब्यातून: थेट डब्यावरच मशीन चालू करता येते, ११ मिनिटांत लॉगिन स्क्रीन. हळू चालतं, पण चालतं. काकांचं चलन निघेल एवढं नक्की.

बुधवार, ८ ऑक्टोबर

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन, तिकडचे रस्ते वळवलेले, उलव्याकडून येणारे दोघं घरूनच काम करतायत. मी क्लाउडची चाचणी घेतली.

एक मूर्खपणा इथे नोंदवतो. एस३ ला (एडब्ल्यूएसमधली साठवायची जागा) ऑब्जेक्ट लॉक लावून बघत होतो, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत फाईल कोणालाही पुसता येत नाही. रॅन्समवेअरवाले हल्ली आधी बॅकअप पुसतात, मग डेटा कुलूपबंद करतात, त्यामुळे हे हवंच. यात दोन मोड आहेत. गव्हर्नन्समध्ये खास परवानगी असलेल्याला कुलूप काढता येतं, कम्प्लायन्समध्ये रूट अकाउंटलाही नाही. मी कम्प्लायन्स निवडलं आणि मुदत ३ दिवस टाकायच्या जागी ड्रॉपडाउनमध्ये वर्ष राहिलं. १ वर्षसुद्धा नाही, ३ वर्षं. ४० जीबी ट्रायल डेटा आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिथेच. महिन्याला साधारण एक डॉलर. अकाउंटच बंद केलं तरच जाईल. साहेबांना सांगितलं, ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे खरंच पुसता येत नाही हे तरी कळलं." ती चाचणी पास धरली आहे.

जेवताना काकांनी २०१७ ची आठवण काढली. २७ जूनला नोटपेट्या व्हायरस आला तेव्हा न्हावा शेव्याला मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपमधल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं, कंटेनरच्या रांगा. त्यात मर्स्कचे जगभरातले डोमेन कंट्रोलर (लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) एकमेकांची कॉपी ठेवायचे, सगळे एकदम गेले. वाचला एकच, घानातला, तोही कशामुळे, तर तिथे तेव्हा लाइट गेलेली होती म्हणून. आपल्याकडे लाइट गेली तर रेड जातं, त्यांच्याकडे लाइट गेली म्हणून कंपनी वाचली. काका म्हणाले, "म्हणजे एक कॉपी वायर काढून ठेवायची, एवढंच ना?" एवढंच.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सीएंचा फोन. हिशोबाची वही इलेक्ट्रॉनिक असेल तर तिचा बॅकअप रोज, आणि भारतातच असलेल्या सर्व्हरवर हवा, ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून. त्याआधी "ठरावीक काळाने" असं होतं, आता रोज. क्लाउडवाल्या एका प्लॅनमध्ये डेटा सिंगापूरला जात होता, तो इथेच कटला. शिवाय सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. आपले फायरवॉलचे लॉग ७ दिवसांचे होते. लॉग आता डब्यावर.

मेलचं राहून गेलं होतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे म्हणून सगळे निर्धास्त, पण युजर काढला की मेलबॉक्स ३० दिवस, शेअरपॉइंटवरचं पुसलेलं ९३ दिवस, त्यानंतर नाही. मार्चमध्ये सोडून गेलेल्या त्या माणसाचा मेलबॉक्स मी परवा शोधत होतो. मेलचा बॅकअप पण डब्यावर लावला.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज विंडोज १० चा सपोर्ट संपला, ९ पीसी बाकी, ते वेगळं दुखणं.

निर्णय झाला, साहेब, मॅडम आणि मी बसून. डबा मुख्य. एक रबाळ्याला, दुसरा ठाण्याच्या ऑफिसात वागळे इस्टेटला, तिसऱ्या मजल्यावर. आपलं सॉफ्टवेअर फक्त ईआरपीच्या १५-मिनिटांच्या लॉगसाठी, त्यात डबा कमी पडतो. क्लाउडमध्ये मुंबई रीजनला नुसतं टॅली आणि ईआरपी, ६० जीबी, कुलूप ३० दिवसांचं (यावेळी मॅडमनी माझ्या मागे उभं राहून आकडा वाचला). शिवाय महिन्याला एक यूएसबी डिस्क, कॉपी झाली की वायर काढून तिजोरीत.

मॅडमनी विचारलं ठाणे आणि रबाळे दोन्ही असताना क्लाउड कशाला. १२ ऑक्टोबर २०२० आठवा म्हटलं, मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात. खाडीच्या दोन बाजू असल्या तरी ग्रिड एकच. आणि २६ जुलै तर सांगायलाच नको.

ठाण्याची पहिली कॉपी लाइनवरून पाठवायची नाही असं ठरलं. दोन्ही डबे इथेच एकमेकांना जोडले, रात्रीत कॉपी झाली, आणि आज दुपारी ट्रेनीने बाइकवरून मांडीत धरून ऐरोली पुलावरून नेला, मी चालवत होतो. २.१ टीबी, ४० मिनिटं. या वेगाची लाइन कोणी देत नाही.

दोन्ही डब्यांचे पासवर्ड ठाण्या-रबाळ्याचे वेगळे, डोमेनला जोडलेले नाहीत. एन्क्रिप्शनची चावी छापून तिजोरीत, कारण आतापर्यंत ती ज्या सर्व्हरचा बॅकअप आहे त्याच सर्व्हरच्या डेस्कटॉपवर होती, नोटपॅडमध्ये.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

शीटमधला तिसरा कॉलम राहिला होता, मी नसताना कोण. एक पान लिहिलं, मराठीत, १४ ओळी. ट्रेनीला दिलं आणि मी खाली टपरीवर जाऊन बसलो, फोन बंद करून. फाईल परत आणायला त्याला ९ मिनिटं, डब्यावर सर्व्हर चालू करायला ३४. ओळ ६ वर अडला, मी "नेहमीचा युजर" असं लिहिलं होतं. नेहमीचा कोणाचा? बदललं. मग मॅडमना दिलं. त्यांनी फाईल १६ मिनिटांत आणली आणि वर शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या.

पान लॅमिनेट करून रॅकला लटकवलं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

गावाला आहे, काल भाऊबीज झाली. वीकली ऑफ असूनही दिवाळीचं साचलेलं पाठवायला डिस्पॅच आज चालू, आणि साडेदहाला ट्रेनीचा फोन. रेंज अंगणातल्या फणसाखालीच येते, तिथे जाऊन उचलला. काकांच्या दरपत्रकावर कोणीतरी जुनी फाईल सेव्ह केली होती. पोराने पान बघून सोमवारची फाईल शोधली, सगळं बरोबर केलं, आणि शेवटी स्क्रीनवर विचारतंय म्हणे, "दादा, आहे त्या फाईलवरच लिहू का विचारतंय, हो म्हणू का?"

नाही म्हण. शेजारी दुसऱ्या नावाने ठेव, काकांना दोन्ही उघडून दाखव, ते म्हणतील ती ठेव. सगळं मिळून १२ मिनिटं.

पानात ही ओळ नव्हती. १५ वी म्हणून वाढवली, सोमवारी परत लॅमिनेट करायचं आहे.